जुन्या गोव्याचा हेरिटेज वॉक: गाईड एक नंबर, फक्त 'नासा' तेवढं काढून टाका

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच, पण ज्यांना फक्त जायचं की नाही एवढंच विचारायचंय त्यांनी जा, आणि शक्यतो घरातलं एक भाविक माणूस आणि एक वाद घालणारं माणूस सोबत घेऊन जा, तरच पैसे वसूल होतात. आमच्याकडे दोन्ही होती. आई भाविक, आणि मामेभाऊ ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो त्यामुळे त्याला सगळीकडे शंका. टूरवाल्यांचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण पुढे तक्रारी पण आहेत. जुन्या गोव्यात सकाळी चालत फिरवून चर्चेस दाखवणारे आता बरेच झालेत, माणशी आठशे वगैरे घेतात, त्यातलेच एक समजा.

आम्हाला वाटलेलं की चर्च कधी बांधलं, खांब किती, वेदीला सोनं किती लावलंय असलं ऐकायला मिळेल. ते झालंच, पण आमचा गाईड (पन्नाशीचा, स्वतः पक्का कॅथलिक, 24 नोव्हेंबरपासून फेस्ताआधीचे (म्हणजे संताच्या सणाआधीचे) नऊ दिवस नोव्हेनाला, म्हणजे रोजच्या प्रार्थनेला, न चुकता जाणारा) त्यात रमला नाही. त्याला रस एकाच गोष्टीत, सायबाच्या चमत्कारांचा पुरावा काय. गोंयचो सायब म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मप्रसारक संत. आणि गंमत म्हणजे तो 'विश्वास ठेवा' म्हणून सोडून देत नाही, प्रत्येक गोष्टीला कोणी पाहिलं, कोणी लिहिलं, किती वर्षांनी लिहिलं हे सांगतो. खांद्याच्या पिशवीत प्लास्टिकची फाईल, त्यात झेरॉक्स, पेनने रेघा मारलेल्या. असा गाईड मी तरी दुसरा पाहिला नाही.

बॉम जेझूस म्हणजे सायबाचं शव ठेवलेलं चर्च, त्याचं बाहेरचं पटकन सांगतो. 1594 ला काम सुरू, 1605 ला पूर्ण, आणि जी लाल जांभ्या दगडाची भिंत बघून आपण सगळे 'वा काय जुनं दिसतंय' म्हणून फोटो काढतो ती मुळात अशी नव्हतीच, गिलावा होता, तो 1950 च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने काढून टाकला आणि तेव्हापासून पावसाळ्यात जांभा झिजतोय. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, उघडा चिरा पावसाने काय होतो ते. आत उजव्या हाताला शव. वर उंच संगमरवरी चौथरा, तो इटलीतून टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेला, 1698 मध्ये बसवला, आणि त्यावर गोव्यातल्याच सोनारांनी 1636-37 मध्ये घडवलेली चांदीची पेटी. खालून बघताना शव असं काही नीट दिसत नाही हे आधीच लक्षात घ्या. आई चष्मा पुसून पुसून बघत होती. नीट बघायचं तर दहा वर्षांनी शवप्रदर्शन असतं, मागचं 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 झालं, तेव्हा शव समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात.

आता मुख्य मुद्दा. झेवियर 1542 मध्ये गोव्यात आला, आणि 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. सोबतच्यांनी पेटीत चुना भरून पुरलं, हेतू हा की मांस लवकर जाईल आणि हाडं घेऊन जाता येतील. अडीचेक महिन्यांनी फेब्रुवारी 1553 ला उकरलं तर शव जसंच्या तसं. मग मलाक्काला नेलं, तिथे पेटीशिवाय मातीत पुरलं, ऑगस्टमध्ये परत उकरलं, तरी शाबूत. मार्च 1554 ला गोव्यात आणलं आणि अख्खं गाव धक्क्यावर लोटलं. इथपर्यंत गाईडने सांगितलं आणि आई हात जोडून उभी राहिली, आमच्या पंढरपूरच्या सवयीने चप्पल पण काढायला निघाली होती.

मामेभाऊ लगेच म्हणाला, चुन्याने मांस जातं हे कोणी सांगितलं? आता हा प्रश्न मला फालतू वाटला कारण आपण सगळे तेच ऐकत आलोय, पिक्चरमध्ये पण मढं लपवायला चुनाच टाकतात. पण तो म्हणाला की 2012 मध्ये फॉरेन्सिकवाल्यांनी हे करून बघितलंय, बेल्जियममध्ये सहा मेलेली डुकरं पुरली, काही नुसतीच, काही विझवलेल्या चुन्यात, काही कळीच्या चुन्यात, आणि सहा महिन्यांनी उकरली. चुन्यातली कमी कुजली होती! म्हणजे चुना कुजवत नाही, उलट कुजणं लांबवतो. साडेचारशे वर्षं या चमत्काराचा पहिला खांब हाच होता की चुना असूनही शव टिकलं, आणि प्रयोग म्हणतो की कदाचित चुना होता म्हणूनच टिकलं.

मला वाटलं गाईड चिडेल. तो अजिबात चिडला नाही, म्हणाला बरोबर आहे दादा, पण मग मलाक्काचं काय, तिथे चुना नव्हता, गरम दमट हवा, पाच महिने मातीत. यावर आमच्या फिजिक्सवाल्याला पटकन काही सुचेना. मग तोच म्हणाला की सहा डुकरांवरून एवढी उडी मारणं पण बरोबर नाही म्हणा, त्या प्रयोगातून चुन्याचं कळलं, सायबाचं नाही. ही दहा मिनिटं मला सगळ्यात आवडली. दोघांपैकी कोणीच 'तुम्हाला काय कळतंय' म्हटलं नाही, आपल्याकडे फॅमिली ग्रुपवर हा विषय निघाला की दुसऱ्या मेसेजला लोक ग्रुप सोडतात.

मग फाईलमधलं पुढचं पान. व्हाइसरॉयचा डॉक्टर कोज्मे सरायव्हा याने शव तपासलं आणि त्याची साक्ष 1556 च्या चौकशीत नोंदली गेली. पोर्तुगालच्या राजाने स्वतः हुकूम काढून ही चौकशी करवली होती, गोवा, कोची, मलाक्का आणि आपली वसई, सगळीकडे साक्षी घेतल्या. वसईचं नाव ऐकून मला उगाच भारी वाटलं. डॉक्टर म्हणतो पोट दाबून बघितलं, आतडी आतच होती, मसाला वगैरे काही भरलेला नव्हता. आता विचार करा, शिकलेला डॉक्टर, स्वतः हात लावून बघितलेलं, मरणानंतर चार वर्षांत लेखी साक्ष. सोळाव्या शतकातल्या कुठल्याही गोष्टीला याच्यापेक्षा चांगला पुरावा क्वचित मिळतो. म्हणजे शव तेव्हा शाबूत होतं हे मी तरी मान्य करून टाकलं. पण डॉक्टरची साक्ष 'काय दिसलं' याची आहे, 'का झालं' याची नाही, आणि हा फरक गाईडने दाखवला नाही तर मामेभावाने दाखवला. एक तारीख सांगतो आणि दुसरा त्यातून किती निघतं ते सांगतो, म्हणून म्हटलं दोन्ही प्रकारची माणसं न्या.

आणि आज शव तसं शाबूत नाही हेही गाईडने सरळ सांगितलं, सुकलेलं, आक्रसलेलं, काही भाग नाहीत. उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग 1614 मध्ये काढून रोमला पाठवला, तो तिथल्या चर्चमध्ये आहे, आणि 2018 च्या जानेवारीत तो हात कॅनडाच्या दौऱ्यावर गेला तेव्हा त्याला विमानात स्वतःची सीट होती. आई म्हणाली बघा, आम्हाला वंदे भारतचं वेटिंग क्लिअर होत नाही.

1782 चा किस्सा मला माहीतच नव्हता. जेझुइट पाद्र्यांना (झेवियर ज्या संघाचा होता ते) पोर्तुगालने 1759 मध्ये हाकललं, तेव्हा लोकांत आवई उठली की जाताना त्यांनी खरं शव पळवलं आणि पेटीत भलतंच काहीतरी ठेवलं. मग लोकांची खात्री पटावी म्हणून 1782 मध्ये पेटी उघडून सगळ्यांना दाखवलं, पहिलं मोठं जाहीर प्रदर्शन ते. म्हणजे आज जिथे रांगा लागतात तो सोहळा सुरू झाला तो लोकांच्या संशयामुळे. हे ऐकून आई जरा गप्प झाली.

आता जे चमत्कार या कसोटीला टिकत नाहीत ते. संतपद 1622 ला मिळालं, मरून सत्तर वर्षं झालेली, आणि त्या वेळच्या कागदपत्रांत येतं की झेवियरला कुठलीही भाषा न शिकता बोलता यायची. आता गाईडने झेवियरचीच पत्रं काढली. जानेवारी 1544 च्या पत्रात तो लिहितो की दक्षिणेच्या किनाऱ्यावर दोन्ही भाषा येणारी माणसं गोळा केली, त्यांच्याकडून प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या आणि मग पाठ केल्या. आणि नोव्हेंबर 1549 ला जपानहून लिहितो की लोक आमच्याबद्दल आमच्यासमोरच बोलत असतात आणि आम्ही भाषा येत नसल्यामुळे पुतळ्यांसारखे उभे असतो. बिचारा! परक्या गावात भाषा न कळता उभं राहायची वेळ आलेल्या कोणालाही हे वाक्य लागेल. ज्याच्या नावावर चमत्कार आहे तोच सांगतोय की मला भाषा येत नव्हती, याच्यावर अजून काय साक्ष पाहिजे. गाईड म्हणाला, मला हा सायब जास्त आवडतो, पाठांतर करणारा. त्याच पत्रांत बाळंतपणात अडलेल्या बाईसाठी प्रार्थना केली, तिला बाप्तिस्मा दिला आणि ती लगेच सुटली असंही आहे, म्हणजे तो अशा गोष्टी सांगत नव्हता असं नाही, पण जे पुढे रंगवलं गेलं त्या मानाने फारच साधं आहे.

खेकड्याची गोष्ट तर पोरांना फार आवडते. इंडोनेशियाच्या मोलुक्का बेटांकडे वादळात त्याचा क्रूस समुद्रात पडला आणि दुसऱ्या दिवशी एका खेकड्याने नांग्यांत धरून किनाऱ्यावर आणून दिला. पाठीवर क्रूसासारखी खूण असलेले खेकडे आपल्याकडे समुद्रात मिळतातच. गाईडने फक्त एवढं म्हटलं, ही साक्ष घटनेनंतर पन्नासहून जास्त वर्षांनी दिलेली आहे, आणि कोंकणीत म्हणाला, 'लोक अशें म्हणटात'. बास. मला त्याची ही स्टाईल फार आवडली, हसत पण नाही आणि शपथ पण घेत नाही.

आईला मात्र राहवलं नाही, ती म्हणाली अहो भाऊ, आमच्या तुकोबांची गाथा पाण्यात तरली ते पण मग असंच का? गाईड म्हणाला आई ते तुम्ही सांगायचं, मी गोव्याचा. मग बाकावर बसून आमचीच चर्चा झाली. आपण ज्या रंगात ही गोष्ट ऐकतो तो बराचसा महिपतींचा, आणि त्यांनी संतचरित्रं लिहिली अठराव्या शतकात, तुकोबांना जाऊन शंभरावर वर्षं होऊन गेल्यावर. पण इथे उलटं आहे बघा, पाण्यात कागद राखले गेल्याचा उल्लेख खुद्द तुकोबांच्या अभंगात येतो, आणि त्यांच्याच काळातल्या बहिणाबाईंकडे पण येतो. म्हणजे झेवियरची स्वतःची पत्रं भाषेच्या चमत्काराच्या विरोधात जातात आणि तुकोबांचे शब्द गोष्टीच्या बाजूने. आता कागद नेमके कसे राहिले, कोणी काढले, किती भिजले, हे त्या उल्लेखावरून निघत नाही. मामेभाऊ म्हणाला, आत्या, काहीतरी घडलं होतं एवढं मी मानतो. आईला तेवढं पुरलं. खरं तर कसोटी एकच लावली ना, स्वतःच्या देवाला वेगळी आणि दुसऱ्याच्या देवाला वेगळी असं केलं नाही, म्हणून कोणाला राग आला नाही.

आता कापलेला स्टार. एवढा काटेकोर माणूस, शेवटच्या अर्ध्या तासात अचानक म्हणतो, 'आणि दादा, नासाच्या सायंटिस्टनी पण तपासून सांगितलंय'. कोण सायंटिस्ट? कधी? काय तपासलं? काही नाही. फाईलमध्ये पान नाही. म्हणजे चमत्काराला साक्षीदार आणि तारीख विचारणारा माणूस सायन्सचं नाव आलं की डोळे मिटून नमस्कार करतो. आणि पाठोपाठ उलटं टोक, इटलीतल्या तुरीनच्या कफनाचं सायन्स कसं खोटं ठरलं तेही ठोकून दिलं, 'कार्बन डेटिंग फेल गेलं'.

हे मी घरी येऊन वाचलं कारण मला झोप येईना. येशूचं कफन म्हणून जपलेलं ते कापड 1988 मध्ये तीन लॅबनी तपासलं, ऑक्सफर्ड, झुरिक आणि अमेरिकेतली ॲरिझोना, आणि उत्तर आलं इ.स. 1260 ते 1390. बरं याच्या आधी, 1389 मध्ये, फ्रान्समधल्या तिथल्याच बिशपने पोपसाठी लिहून ठेवलंय की हे एका चित्रकाराने केलेलं काम आहे. म्हणजे लॅब आणि चर्चचा जुना कागद दोन्ही एकाच शतकाकडे बोट दाखवतात. मग फेल कुठे गेलं? तर झालं असं की तीन लॅबचे मूळ आकडे पूर्ण जाहीरच केले नव्हते, ते 2017 मध्ये कायद्याने अर्ज करून बाहेर काढावे लागले, आणि 2019 मध्ये ज्यांनी ते तपासले त्यांनी दाखवलं की तिन्ही लॅबचे आकडे एकमेकांशी हवे तेवढे जुळत नाहीत, परत टेस्ट केली पाहिजे. ही टीका खरी आहे आणि आकडे तीस वर्षं दाबून ठेवणं हे लाजिरवाणंच आहे. पण आकडे नीट जुळत नाहीत आणि कापड दोन हजार वर्षांचं आहे ही दोन वेगळी वाक्यं आहेत, पहिल्यावरून दुसरं निघत नाही. गाईडने मधला अख्खा जिना गाळून उडी मारली.

आणि सायन्सवाल्यांबद्दल पण भाबडेपणा नको हं. 2015 मध्ये मानसशास्त्रातले शंभर अभ्यास परत करून बघितले तर चाळीसहून कमी अभ्यासांत तसा निकाल परत आला. 2020 मध्ये कोरोनाच्या औषधावरचा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला मोठा पेपर दोन आठवड्यांत मागे घ्यावा लागला कारण ज्या कंपनीचा डेटा होता ती मूळ डेटा तपासायला देईना. मामेभावाला मी हे मुद्दाम वाचून दाखवलं, त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. तो म्हणाला, अरे पण हे पकडलं कोणी? दुसऱ्या सायंटिस्टनीच ना. बरोबर आहे त्याचं. मी सायन्सवर विश्वास ठेवतो तो पांढऱ्या कोटासाठी नाही, शेजारचा कोटवाला कागद मागतो म्हणून. जिथे कागद मागायची सोय नाही तिथे 'सायंटिफिकली प्रूव्हन' लिहिलेलं तेल आणि अंगारा यात मला काही फरक वाटत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर 21 सप्टेंबर 1995, गणपती दूध प्यायला तो दिवस. आई स्वतः रांगेत होती, चमच्यातलं दूध कमी होताना तिने डोळ्यांनी पाहिलंय आणि ती खोटं बोलत नाही. सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घातला तर रंगीत दूध मूर्तीवरून पातळ थर होऊन खाली उतरताना दिसलं, पृष्ठताण वगैरे. म्हणजे लाखो साक्षीदार खरं सांगत होते आणि तरी मूर्ती दूध पीत नव्हती. साक्षीदार प्रामाणिक आहे की नाही हा प्रश्न बऱ्याचदा चुकीचाच असतो, सरायव्हा डॉक्टरबद्दल पण हेच. आईला हे पटलं का? 'मी पाजलं तेव्हा प्यायला' एवढंच म्हणते.

बाकीच्या तक्रारी पटापट. वॉक अर्धा तास उशिरा सुरू झाला, सॉरी नाही. कानात घालायचे इअरफोन दिले त्यातला एक खरखरत होता, बदलून मिळाला नाही. शेवटी काजूच्या दुकानात नेलं, हे बुकिंगच्या पानावर कुठेच नव्हतं, आणि काजू म्हापशाच्या बाजारापेक्षा महाग. आणि एक मोठी गोष्ट, इन्क्विझिशनबद्दल, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा ठपका ठेवून लोकांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाबद्दल, गाईड एक अक्षर बोलला नाही. झेवियरने 1546 मध्ये स्वतः राजाला पत्र लिहून ते मागितलं होतं, सुरू झालं 1560 ला, त्याच्या मृत्यूनंतर. पत्रांची एवढी मोठी फाईल आणि त्यात हे पत्र नाही हे खटकलं. मी विचारलं तर म्हणाला वेळ संपली. काजूच्या दुकानात मात्र पाऊण तास होता.

जाणाऱ्यांसाठी: बॉम जेझूसला प्रवेश फुकट आहे, वॉक न घेता पण बघता येतं. खांदे-गुडघे झाकलेले असू द्या. मिसा (चर्चमधली सामूहिक उपासना) चालू असेल तर आत फिरू नका, बाहेर थांबा, रविवारी सकाळी तर जाऊच नका. समोरचं पुरातत्त्व खात्याचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं आणि आमच्या टूरवाल्यांनी हे सांगितलं नव्हतं, आम्ही शुक्रवारीच गेलो. मराठीत सांगणारा गाईड हवा असेल तर बुक करतानाच लिहा, नाहीतर इंग्लिशवाला देतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात 3 तारखेच्या फेस्तामुळे पार्किंग विसरा, पणजीहून बसने या. आणि गाईडने 'नासा' म्हटलं की न लाजता कागद मागा, माणूस चांगला आहे, रागावत नाही.